सरांचा डब्बा, काकूंची कणगी

उद्धवराव तामसीहून परतले ते बहिणीने दिलेल्या वांग्यांची जड पिशवी सांभाळत, आणि आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या आपल्याच घरात पाय ठेवल्यावर त्यांना घर ओळखू येईना. दिवाळी तोंडावर आलेली. सून शीतलने ते नसताना घर नुसतं झाडलं नव्हतं, धुऊन काढलं होतं. माळा रिकामा झाला होता, भिंती हसत होत्या, आणि वर्षानुवर्षं ज्या वस्तूंना अडखळत ते चालायचे त्या कुठेच नसल्यामुळे त्यांना चालताही येईना.

ते थेट पुढच्या खोलीत गेले. एके काळी तिथे त्यांचा कम्प्युटर क्लास चालायचा, आता मुलगा लखन याचं झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचं दुकान होतं. कोपऱ्यातलं टेबल जागेवर होतं. टेबलावर जुना, मागे पोट सुटलेला मॉनिटर होता, त्यावर लोकरीने विणलेलं झाकण होतं, आणि ते धुऊन, सुकवून, घडी मोडून नीट घातलेलं होतं. टेबलाखाली मात्र लखलखीत फरशी होती.

"डब्बा कुठी हाय?" उद्धवरावांनी विचारलं.

शीतलला प्रश्नच कळला नाही. कोणता डब्बा? डब्बे तर सगळेच दिले. तामसीला निघताना, एक पाय रिक्षात आणि एक रस्त्यावर अशा अवस्थेत, सासऱ्यांनीच तिला बजावलं होतं की घरातले सगळे डब्बे भंगारात देऊन टाक, कम्प्युटरला तेवढा हात लावू नको. तिने अक्षरशः तेच केलं होतं. तेलाचे पत्र्याचे डब्बे दिले, रंगाचे दिले, गंजलेले बिस्किटांचे दिले, आणि टेबलाखालचा तो मोठा डब्बाही दिला, ज्याला घरातलं लहानथोर डब्बाच म्हणत असे. कम्प्युटर तर तिने जपला होता. काच ओल्या कपड्याने पुसली होती, झाकण साबणाने धुतलं होतं.

"मामाजी, काई चुकलं काय माझं?" तिने विचारलं.

उद्धवराव खुर्चीवर बसले. ओरडावं असं त्यांना फार वाटत होतं, पण ओरडणार कोणावर? पोरीने शब्दाबाहेर काही केलं नव्हतं, आणि शब्द त्यांचाच होता. उभं आयुष्य त्यांनी पोरापोरींना घसा फोडून सांगितलं होतं की बाबांनो, ही काच म्हणजे कम्प्युटर नाही. ही फक्त पडदा आहे. कम्प्युटर आहे तो खाली, त्या डब्ब्यात. अख्ख्या पंचक्रोशीला शहाणं करून सोडलं आणि घरच्या सुनेला सांगायचं राहून गेलं.

त्यांनी फक्त मान हलवली आणि वांगी तिच्या हातात दिली. ती आत गेल्यावर मात्र त्यांना रडू आवरलं नाही. त्या डब्ब्यात त्यांची बायको होती, म्हणजे तिचा आवाज होता, आणि तो जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

क्लासचे ते दिवसच वेगळे होते. हमरस्त्याला लागून असलेल्या या खोलीवर 'प्रगती कम्प्युटर' अशी पाटी लागली तेव्हा गावातले लोक नुसती पाटी बघायला यायचे. एकच कम्प्युटर, समोर बाकावर दाटीवाटीने बसलेल्या पोरी, आणि आत यायचं तर चपला बाहेर. एसी नव्हताच, पण कम्प्युटरच्या खोलीत चपला घालायच्या नाहीत हा नियम उद्धवरावांनी आदिलाबादला बघितला होता, तो त्यांनी इथे देवळापेक्षा कडक पाळला. बहुतेक पोरींची शाळा तेलुगूत, घरची बोली आपली मराठी, आणि पुस्तक हैदराबादहून आलेलं, इंग्रजी. सर फळ्यावर लिहायचे, पोरी वहीत उतरवायच्या, आणि प्रोसेसर म्हणजे काय असं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं आणि तिथे गयाबाई भाकरी थापायच्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, पण कान मोठे तिखट. एक दिवस सर हार्ड डिस्क आणि रॅम यांतला फरक सांगून सांगून रडकुंडीला आले होते. दोन्हीला मेमरी म्हणतात, मग दोन कशाला, हा पोरींचा प्रश्न काही हटत नव्हता. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"अवं, सोपं हाय ते. हार्ड डिस्क म्हंजे कणगी, अन् रॅम म्हंजे परात."

खोलीत हशा पिकला. सरांचा पारा चढला. पण दारामागूनच गयाबाईंनी पुढचं सांगितलं. सालभराची ज्वारी राहते कणगीत. आजच्या भाकरीपुरतं पीठ येते परातीत. परात मोठी असली तर एकदम खूप भाकरींचं पीठ मळता येतं, लहान असली तर खोळंबा होतो, म्हणून कम्प्युटर हळू चालला की समजायचं परात लहान पडली. अन् काम झालं की परात धुतली जाते. कणगी कोणी रोज धूत नाही.

पोरींनी हसणं सोडून वह्या उघडल्या. त्यांना समजलं होतं. सरांनाही, खरं सांगायचं तर, त्या दिवशी नव्याने समजलं.

मग काय, भिंतीपलीकडून शब्द येतच राहिले. बाहेरची वीज घेऊन आतल्या भागांना सोसेल तेवढीच वाटून देणारा जो चौकोनी खोका असतो, पॉवर सप्लाय, तो झाला डीपी, शेताच्या बांधावरच्या डीपीसारखा. सगळे भाग ज्या हिरव्या पाटीवर येऊन एकमेकांना जोडले जातात तो मदरबोर्ड झाला अंगण. आणि प्रोसेसर झाला घरची सून, कारण कोणतंही काम असो, तिच्या हातून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. सरांनी डब्बा उघडून पोरींना दाखवलं की प्रोसेसर काम करून करून तापतो म्हणून त्याच्यावर पंखा बसवलेला असतो. हे ऐकून गयाबाई पहिल्यांदाच दारात आल्या आणि त्यांनी विचारलं की त्या सुनेच्या डोक्यावर पंखा आहे, मग या सुनेच्या डोक्यावर कुठी हाय? पोरी पोट धरून हसल्या. सर शरमले. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात पंखा लागला.

पण पोरींसमोर उभं राहून शिकवायला गयाबाई कधी तयार झाल्या नाहीत. दारामागून बोलणं वेगळं, त्या म्हणायच्या, फळ्यासमोर माझे पाय लटपटतील. तेव्हा सरांनी एक युक्ती काढली. एक स्वस्तातला माइक आणला, खोलीचं दार लावलं, आणि गयाबाईंच्या आवाजात छोटे छोटे धडे डब्ब्यात भरून ठेवले. त्यात त्या प्रश्न विचारायच्या, मग पोरींना उत्तर द्यायला थोडी जागा मोकळी सोडायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "बराबर हाय." पोरींनी काहीही उत्तर दिलं तरी त्यांच्या या काकू आपल्या 'बराबर हाय' म्हणत. एखादी मुद्दाम सांगायची, रॅम म्हणजे बैल. काकू म्हणायच्या, बराबर हाय. क्लास डोक्यावर घेतला जायचा.

दसऱ्याला दुकानदार तराजूची पूजा करतात, शेतकरी अवजारांची. गयाबाई सरांना डब्बा उघडायला लावून आत हार्ड डिस्कला हळदकुंकू लावायच्या. कणगीला लावतात तसं. मशीनमध्ये कुंकू सांडेल म्हणून सर दरवर्षी कुरकुर करायचे आणि दरवर्षी स्वतःच स्क्रू काढून द्यायचे.

मग घरोघरी मोबाईल आले, पोरींना शिकायचं ते त्या मोबाईलवर शिकू लागल्या, बाक विकले गेले आणि पाटी उतरली. कोणाला आत काय असतं याच्याशी काही घेणंदेणं उरलं नाही. दोन वर्षांपूर्वी गयाबाई गेल्या. लखनचं लग्न त्यानंतर झालं, त्यामुळे शीतलने सासूला फक्त हार घातलेल्या फोटोत पाहिलेलं. लखन अधूनमधून म्हणायचा की बाबा, त्या डब्ब्यातलं पेन ड्राइव्हवर काढून घेऊ. उद्धवराव म्हणायचे, काढू. आणि काढायचे नाहीत. एवढे दिवस बंद पडलेलं मशीन, सुरू करायला गेलो आणि झालंच नाही तर? बटण दाबलं नाही तोवर आवाज आत आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आता डब्बाच गेला, तेव्हा समजूत कसली घालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फकिरा भंगारवाल्याच्या शेडवर गेले. नेरडीगोंड्याच्या बाजूला, हमरस्त्याच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, पुढे सायकलींचे सांगाडे आणि कूलरच्या जाळ्या. फकिरा एका ट्रकवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत होता. ती संपेपर्यंत उद्धवराव आत हिंडले, आणि एका ढिगाच्या टोकाला त्यांना आपला डब्बा दिसला. बाजूचा पत्रा काढलेला होता. आत काही नव्हतं. अंगण नाही, सून नाही, परात नाही. नुसती चौकट उरली होती आणि आत एक कोंबडी जाऊन बसली होती.

फकिरा आला. माणूस वाईट नव्हता, धंद्याचा होता. त्याने सांगितलं की असे डब्बे आले की आम्ही ते त्याच दिवशी खोलतो. तांबं वेगळं, जस्त वेगळं, हिरव्या पाट्या पोत्यात भरून नागपूरच्या गाडीला. तुमच्या पाट्या परवाच गेल्या.

"अन् आतला एक जाड खोका होता," उद्धवराव म्हणाले, आणि त्यांनी तळहाताएवढं माप दाखवलं. "वजनदार. वर कागद चिकटवेल."

फकिराने कपाळाला हात लावला. ते खोके म्हणजे त्याचं रोजचं दुखणं होतं. आत चांगलं ॲल्युमिनियम असतं, पण बायको फोडू देत नाही, उचलून घरात नेऊन ठेवते. काऊन म्हणून विचारलं तर नवऱ्यालाच शिकवते. एवढं बोलून त्याने शेडच्या मागच्या बाजूला हाक मारली.

साडीचा पदर खोचलेली एक बाई हात पुसत आली. तिने उद्धवरावांकडे पाहिलं आणि जागच्या जागी पायातल्या चपला काढल्या. भंगाराच्या त्या शेडमध्ये, खिळ्यांनी आणि काचांनी भरलेल्या जमिनीवर, तिने आधी चपला काढल्या आणि मग म्हटलं, "सर."

उद्धवरावांनी तिला ओळखलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती चंद्रभागा, दुसऱ्या बाकावर भिंतीला टेकून बसायची, लग्न जुळलं म्हणून क्लास अर्धाच सोडून गेली. कम्प्युटर चालवणं तिला कधी जमलं नाही आणि पुढे कामही पडलं नाही. एवढ्या वर्षांत सगळं विसरले सर, ती म्हणाली, पण काकूंचं एक डोक्यात बसून राह्यलं.

"काकू म्हणत, डब्बा फुटला त फुटू द्या, पडदा गेला त जाऊ द्या. पण कणगी कोणाची फोडाची नाई. त्यात दुसऱ्याच्या घरचं सालभराचं राहते. म्हणून मी ठेवून देतो. कोणी ना कोणी शोधत येईन म्हणलं. आजवर कोणी आलंच नाई. तुमीच पहिले."

ती आतून एक पोतं घेऊन आली आणि जमिनीवर उलटं केलं. किती घरांच्या कणग्या होत्या त्यात. उद्धवराव गुडघ्यावर बसले. एकेक उचलून त्यांनी पाहिली, बाजूला ठेवली. सगळ्या सारख्याच, करड्या, गार. मग एक हातात आली, आणि तिच्या कागदावर मध्यभागी बोटाएवढा तांबूस डाग होता. जुना, वाळलेला, कडेला हळदीची पिवळट झाक.

सर ज्यावरून कुरकुर करायचे, त्या कुंकवाची आज काय किंमत झाली होती हे फक्त त्यांनाच कळलं. त्यांनी ती कणगी दोन्ही हातांनी छातीशी धरली. फकिराने विडी विझवली आणि कोंबडी हाकलायला म्हणून उगाचच ढिगाकडे गेला.

चंद्रभागेने एकच मागणं मागितलं. सुरू झाली तर मलाही काकूंचं ऐकायचं आहे.

सुरू होणं सोपं नव्हतं. एवढी जुनी डिस्क आजच्या लॅपटॉपला सरळ जोडता येत नाही. लखनने आदिलाबादहून त्यासाठीची तार आणली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून सगळे पुढच्या खोलीत जमले. चंद्रभागा आली होती, तिने चपला बाहेर काढल्या. तिचं बघून लखननेही काढल्या. शीतल दाराला टेकून उभी होती, जिथे गयाबाई उभ्या राहायच्या अगदी तिथे, आणि तिचा चेहरा उतरलेला होता. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती.

लखनने तार लॅपटॉपला लावली. काही झालं नाही. काढून पुन्हा लावली. पडद्यावर काही उमटलं नाही, डिस्कमधून आवाज नाही.

"बाबा, गेली वाटते," लखन हळूच म्हणाला.

उद्धवरावांना हेच ऐकायचं नव्हतं, दोन वर्षं नेमकं हेच ऐकायचं नव्हतं. त्यांनी डिस्कला हात लावला. ती हलत नव्हती, आतून जराही थरथर नव्हती. आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. बिघडलेली डिस्क कुरकुरते, खटखटते, काहीतरी करते. ही तर उपाशी पडल्यासारखी नुसती पडून होती.

"डीपी जोडली काय?" त्यांनी विचारलं.

लखनला कळलं नाही. चंद्रभागेला कळलं. या जातीच्या जुन्या डिस्कला लॅपटॉपमधून येणारी वीज पुरत नाही, तिला वेगळी लागते, आणि त्यासाठीचा चार्जरसारखा खोका तारेसोबतच्या पिशवीत तसाच राहिला होता. चंद्रभागेने तो काढला. उद्धवरावांनी स्वतःच्या हाताने तो डिस्कला जोडला, भिंतीतलं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

आधी एक बारीक गुणगुण आली. मग ती वाढली, स्थिर झाली. कणगी फिरू लागली होती.

लखनने धड्यांचं फोल्डर उघडलं आणि पहिला धडा लावला. खरखर झाली, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि मग खोलीत गयाबाई बोलल्या.

"पोरींनो, सांगा बरं. कम्प्युटर कोणता, वरचा पडदा का खालचा डब्बा?"

मग मोकळी जागा. खरखर तेवढी चालू. दारापाशी शीतल उभी होती, तिने खाली पाहत, अगदी बारीक आवाजात सासूला उत्तर दिलं.

"डब्बा, आत्याबाई."

"बराबर हाय," गयाबाई म्हणाल्या.

शीतल तोंडाला पदर लावून हसली आणि तसंच हसता हसता रडायला लागली. चंद्रभागेने तिला जवळ घेतलं. धडे पुढे सरकत राहिले. अंगण झालं, डीपी झाली. सुनेच्या पंख्याची गोष्ट आली तेव्हा लखनने मान वर करून स्वयंपाकघराकडे पाहिलं. पंखा तोच होता, अजून फिरत होता. प्रत्येक मोकळ्या जागेत कोणी ना कोणी उत्तर देत होतं, कधी चंद्रभागा, कधी शीतल, चुकतही होत्या, आणि गयाबाई कोणालाही नाही म्हणत नव्हत्या. खोलीत पुन्हा क्लास भरला होता. कुंकवाचा डाग असलेली ती वस्तू टेबलावर आपली मंद गुणगुणत होती.

शेवटचा धडा लागला. यात गयाबाईंचा आवाज जरा हसरा होता. उद्धवरावांना कारण आठवलं. त्या दिवशी त्यांनी बायकोला ताकीद दिली होती की धड्यात अवं-बिवं म्हणायचं नाही, सर म्हणायचं, आणि तिला ते म्हणताना हसू दाबता येत नव्हतं.

"आता हा प्रश्न तुमच्यासाठी नाई, पोरींनो. हा सरायसाठी हाय." मध्येच हसण्याचा एक उमाळा, मग खाकरणं. "सर, लाइट गेली की परातीतलं सगळं जाते. बराबर? मंग राहते काय?"

मोकळी जागा आली. त्या दिवशी ते माइक धरून बसले होते आणि वायफळ पुरे म्हणून त्यांनी उत्तर दिलंच नव्हतं. आता सगळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि खरखर चालू होती, संपत आली होती.

"कणगीतलं," उद्धवराव म्हणाले. "कणगीतलं राहते."

"बराबर हाय," गयाबाई म्हणाल्या.